पहिले कृषिमंत्री कोण, यावरून मावशी बोलेना

पत्र: “काका, मी अमरावती जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातला. वय २४. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे असते, माझा स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही तिथंच चालतो. मागच्या गणपतीत मंडळानं प्रश्नमंजुषेचं काम माझ्यावर टाकलं. मी गाईडमधून ६० प्रश्न काढले. शेवटच्या फेरीत ‘भारताचे पहिले कृषिमंत्री कोण?’ असं विचारलं. बचत गटाच्या संघानं भाऊसाहेब पंजाबराव देशमुख सांगितलं. माझ्या कागदावर डॉ. राजेंद्र प्रसाद होतं, म्हणून मी चूक दिलं. त्या एका प्रश्नानं त्या हरल्या आणि अभ्यासिकेतली पोरं जिंकली. मग काय गोंधळ झाला विचारू नका. ‘आपले भाऊसाहेब सोडून बिहारातला माणूस कायले आणला बे?’ असं एकानं माईक हिसकून विचारलं. त्या संघात माझी सख्खी मावशी होती. ती अजून धड बोलत नाही. आता मंडळ म्हणते, यंदाही तूच घे. घेऊ का? घेतलं तर प्रश्न कसे काढू? दरवेळी अभ्यासिकेतलीच पोरं जिंकतात, बाकीचं गाव नुसतं पाहत बसते, त्याचं काय करू? आणि शेवटचं माझं स्वतःचं. रोज सहा तास वाचतो, पण प्रश्न समोर आला की डोकं कोरं होते.”

बाबू,

घे. यंदाही घे, फक्त गाईड घरी ठेवून घे.

आधी मावशीचं भांडण निपटवू, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. तुझ्या कागदावरचं उत्तर खोटं नव्हतं. १५ ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न आणि शेतीचं खातं राजेंद्रबाबूंकडेच होतं. त्याआधी १९४६ च्या हंगामी सरकारातही तेच होते. त्यांच्यामागून जयरामदास दौलतराम आले, मग कन्हैयालाल मुन्शी. भाऊसाहेब मंत्री झाले १९५२ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाल्यावर, आणि १९६२ पर्यंत शेतीचं काम त्यांनी पाहिलं. म्हणजे कागद तुझ्या बाजूनं.

पण मावशीनंही उत्तर काही वाऱ्यावरून धरलं नव्हतं. शाळेतल्या भाषणात, २७ डिसेंबरच्या जयंतीत, मंडपातल्या फलकावर तिनं जन्मभर ‘भारताचे पहिले कृषिमंत्री’ हेच ऐकलं. ज्या गावाच्या तोंडात हे वाक्य बसलेलं आहे, त्या गावात तोच प्रश्न चार शब्दांत टाकायचा आणि वरून चूक द्यायची, म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल औताला जुंपायचा. गाव उठणारच.

मला विचारशील तर त्या रात्री चूक मावशीची नव्हती आणि राजेंद्रबाबूंचीही नव्हती. चूक ‘पहिले’ या शब्दाची होती. पहिले म्हणजे कुठून मोजून? हंगामी सरकारापासून, स्वातंत्र्यापासून, राज्यघटनेपासून की निवडणुकीपासून? प्रश्नात ते सांगितलंच नव्हतं. ‘१५ ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात शेतीखातं कोणाकडे होतं?’ असं विचारलं असतंस, तर भाऊसाहेबांचं नाव घेणाऱ्यालाही क्षणभर थांबावं लागलं असतं. १९४७ हा आकडाच त्याला अडवून धरता. उत्तर चुकलं असतं तरी माईक कोणी हिसकला नसता.

‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत जुना’ हे शब्द प्रश्नात दिसले की पेन खाली ठेवायचा आणि विचार करायचा, ही सवय लावून घे. आपल्याच जंगलांचं पाहा. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान विचारलं तर ताडोबा, १९५५. पण सर्वांत जुना व्याघ्र प्रकल्प विचारला तर मेळघाट, कारण १९७३ साली देशात ही योजना सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत तो होता. ताडोबाला तो दर्जा १९९५ मध्ये मिळाला. आता कोणी नुसतं ‘वाघांचं सर्वांत जुनं जंगल कोणतं’ असं विचारलं, तर चंद्रपूरचा माणूस एक सांगेल, मेळघाटातल्या धारणीचा दुसरं, आणि दोघंही खरे.

माझी स्वतःचीही एक जखम सांगतो, म्हणजे तुला एकट्याला वाटणार नाही. टपालखात्यात नोकरी होती तेव्हा आजूबाजूच्या गावांत गणपतीत, शिवजयंतीला प्रश्न विचारायला मला बोलवत. रेडिओवर अमीन सयानींची बोर्नव्हिटा स्पर्धा ऐकून ऐकून मला तो नाद लागला होता. २०१४ च्या गणपतीत मी विचारलं, महाराष्ट्रात जिल्हे किती? सातवीतली एक पोरगी उभी राहिली, म्हणाली ३६. माझ्या कार्डावर ३५ होतं. मी चूक दिलं. पोरगी म्हणाली, “काका, पालघर झाला न.” मी म्हटलं, “बस खाली.” पालघर जिल्हा १ ऑगस्टला झाला होता आणि आम्ही महिनाभरानं, ऑगस्टच्या शेवटाला तिथं बसलो होतो. माझं कार्ड दोन वर्षांपूर्वीचं. घरी येऊन पेपर चाळला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढून जायला पाहिजे होतं, गेलो नाही. ती पोरगी आता कुठं असेल माहीत नाही, पण तिचा तो चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून मी कार्डाच्या मागच्या बाजूला दोन गोष्टी लिहितो: हे कुठून घेतलं, आणि कोणत्या तारखेला तपासलं. काही उत्तरं दुधासारखी नासतात. जिल्ह्यांची नावं बदलली, राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ झाले, शनीचे चंद्र २०२५ च्या मार्चमध्ये २७४ वर गेले. जुन्या गाईडात यातलं काही सापडणार नाही. आणि काही उत्तरं तर जन्मतःच नासकी असतात. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, असं अर्ध्याअधिक पुस्तकांत छापलेलं आहे. माहिती अधिकारात विचारल्यावर २०१२ साली क्रीडा मंत्रालयानंच कळवलं की असा कोणताच खेळ जाहीर केलेला नाही. तेव्हा एक प्रश्न, दोन आधार. दोन गाईडं म्हणजे दोन आधार नव्हेत, कारण एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं असते. व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड तर आधारच नव्हे.

आता प्रश्न काढायचे कसे. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडं लांबेल.

गाईडमधला प्रश्न असा असतो: सेवाग्राम कोणत्या जिल्ह्यात आहे? वर्धा. झालं. ज्याला येते तो सांगते, ज्याला येत नाही तो गप्प, आणि पाच सेकंदांत सगळं संपलं. कोणाच्या डोक्यात काही हललं नाही. आता मी टपालवाला म्हणून तोच मुद्दा कसा विचारतो ते ऐक: “१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला आले. त्यांची पत्रं विदर्भातल्याच दुसऱ्या एका मोठ्या गावी जाऊन पडायची, कारण दोन्ही नावं जवळजवळ सारखी. शेवटी १९४० साली खेड्याचंच नाव बदलून सेवाग्राम ठेवलं. पत्रं चुकून जायची ते गाव कोणतं?”

हे फारसं कोणाला पाठ नसते. पण मंडपात कुजबुज सुरू होते. मोठं गाव, रेल्वे असलेलं, नाव सारखं, पत्रं जाण्याइतकं प्रसिद्ध... आणि मागं बसलेली एखादी म्हातारी, जी दरवर्षी गजानन महाराजांच्या दर्शनाला जाते, ती आपल्या नातीला म्हणते, “शेगाव तर नाही?” शेगावच. सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. उत्तर सांगितल्यावर सगळा मंडप “हाव न बाप्पा!” म्हणते. मी हजारभर प्रश्न विचारले असतील. हा “हाव न” आला की प्रश्न जमला, नुसता “हं” आला की फसला. माझ्याकडे दुसरं माप नाही.

म्हणजे करायचं काय, तर उत्तर लोकांच्या ओळखीचं ठेवायचं आणि तिथं जायची वाट अनोळखी ठेवायची. गाईडवाले नेमकं उलटं करतात: वाट सरळसोट आणि उत्तर असं की कोणी कधी ऐकलेलं नाही.

लोणारचंही तसंच. कोणत्या जिल्ह्यात, असं विचारू नको. असं विचार: “२०२० च्या जूनमध्ये विदर्भातल्या एका तळ्याचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं, तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव निघाले. तळं कोणतं?” फोटो सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले आहेत. उत्तर येणारच, वर कारणही घरी जाते.

तुझ्या गावाला लागू पडेल असा आणखी एक देतो, फुकटात. “आपल्या अमरावती जिल्ह्यात पडलेल्या पावसाचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना जाते. कोणत्या दोन मोठ्या नद्यांच्या वाटेनं?” पूर्वेकडचं पाणी वर्धेत, तिथून पुढं वैनगंगा भेटली की प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पश्चिमेकडचं पूर्णेत, पूर्णेतून तापीत, तापीतून अरबी समुद्रात. अभ्यासिकेतल्या पोरांना नद्यांच्या उपनद्या तोंडपाठ असतात, पण हा प्रश्न शेतकरी आधी सोडवते. त्याला पाणी कुठून कुठं वाहते हे पायाखालून माहीत असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या दर्यापूरकडे ज्याची सोयरीक आहे, तो तर हातच वर करेल.

यातच तुझ्या दुसऱ्या दुखण्याचं औषध आहे. पोरंच जिंकतात, कारण तू प्रश्न पोरांच्या पुस्तकातून काढतोस. गावात दुसरं ज्ञान नाही काय? विचार की मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रं क्रमानं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. नऊ. तुझी पोरं पुनर्वसूला अडखळतील आणि साठीचा माणूस डोळे मिटून म्हणेल. संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक विचार. मात्र पोरांच्या वाटचं सगळं काढून टाकू नको, नाहीतर तेही रुसतील. महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६, आज ३६. वाढलेल्या दहांपैकी विदर्भातले तीन कोणते आणि कोणत्या जिल्ह्यांतून निघाले, हा त्यांचा खुराक. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. आणि खेळाचं काही हवं असेल तर २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख आहेच. अंतिम सामन्यात तिनं हरवलेली खेळाडूही भारतीयच होती, तिचं नाव विचार. कोनेरू हंपी.

दुसरं, संघ तू ठरव. ज्याला वाटेल त्यानं आपला संघ करून यायचं, असं ठेवलं की चार हुशार एका जागी जमणारच. नियम करून टाक: चौघांच्या संघात एक शाळकरी, एक पन्नाशीच्या पुढचा किंवा पुढची, निदान एक बाई, आणि अभ्यासिकेतला फार तर एक. मग बघ, नक्षत्रं आजोबा सांगतात, चांद्रयान नातू सांगते, आणि दोघं एकमेकांच्या कानात कुजबुजतात. आमच्याकडे एकदा सासू-सून एका संघात आल्या होत्या. गुण कमी पडले त्यांना, पण टाळ्या त्यांनाच.

प्रश्न साठ नको. तीस पुष्कळ झाले. प्रश्न दोनदा वाचायचा, विचाराला वेळ द्यायचा, उत्तर आल्यावर त्यामागची चार वाक्यांची गोष्ट सांगायची, यात दोन मिनिटं सहज जातात. तिसांना एक तास, आणि वर गुण सांगणं, माईकचं खरखरणं, कोणाचं तरी पोरगं मंचावर चढणं. साठ घेतलेस तर रात्री दहाला भोंगा बंद करायची वेळ येईल आणि तू तेव्हा चाळिसाव्यावर असशील. तिसांत सातआठ असे ठेव की कोणीही सांगावेत, पाचसहा खरोखरच अवघड, उरलेले सेगाव-शेगावसारखे.

कार्यक्रमाच्या आधी सगळे प्रश्न एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखव. स्पर्धेत नसलेला, तोंडाचा घट्ट माणूस हवा. कागदावर बरा वाटलेला प्रश्न तोंडातून निघाला की लंगडतो; वाक्य फार लांब आहे, किंवा नेमकं विचारलं काय हेच शेवटपर्यंत कळत नाही, हे तेव्हाच ध्यानात येते.

‘पास’ची भानगड तुझ्या पत्रात नाही, पण तीही भांडणाची जागा आहे. गावोगाव पद्धत अशी: एकाचा प्रश्न दोनला पास, दोनचा तीनला. समज तीन नंबरला हुशार संघ बसला. मग एक आणि दोनला न आलेलं सगळं तोच खातो, आणि चार नंबरपर्यंत पास झालेला प्रश्न पोचतच नाही. चार नंबर हरतो तो डोक्यानं नव्हे, खुर्चीनं. यावर उपाय असा की ज्या संघानं उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू करायचा. कोणालाच आलं नाही, तर ज्याच्यापासून सुरू केला त्याच्या पुढच्यापासून. आणि अर्धे प्रश्न झाले की फेरा उलटा फिरवायचा.

त्याहून सोपी आणि मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे पाटी. शाळेतून सहा पाट्या आण. प्रश्न सगळ्यांना एकच, अर्धा मिनिट, मी ‘वर’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. पास नाही, कोणी आधी दाबलं याचं भांडण नाही, आणि वीज गेली तरी कंदिलावर चालते. बजरच्या नादी लागूच नको. पहिली फेरी पाटीची कर, शेवटचीही पाटीचीच. मधल्या दोन पासच्या. मध्येमध्ये एखादा प्रश्न मंडपातल्या लोकांना टाक आणि राजगिऱ्याची चिक्की दे. लोक नुसते पाहत बसतात म्हणतोस न, चिक्की फेकायला लाग, मग बघ.

कोणती उत्तरं धरायची तेही आधी कार्डावर लिही. गाडगेबाबांचं मूळ नाव विचारलंस तर ‘डेबूजी’ एवढं पुरे की ‘डेबूजी झिंगराजी जाणोरकर’ पूर्ण हवं? पहिल्याला डेबूजीवर गुण दिलेस आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडे पूर्ण नाव मागितलंस, की झालं. आणि प्रश्न वाचताना सगळ्यांकडे पाहा. सूत्रसंचालक उत्तर माहीत असलेल्या पोराकडेच पाहून वाचतो, मग म्हणतात आधी फोडलं होतं.

तक्रारीचा नियम सुरुवातीलाच माईकवर सांगून टाक: “आज कार्डावरचं उत्तर चालेल. पण उद्या संध्याकाळपर्यंत कोणी पुस्तक दाखवून ते चूक ठरवलं, तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी स्वतः तसं लिहीन आणि बक्षीस दोघांना मिळेल.” मंडळाकडून एक जास्तीचं बक्षीस आधीच काढून ठेव. माझ्याकडे २०१४ मध्ये हा नियम असता, तर त्या पोरीचं बक्षीस तिच्या घरी गेलं असतं.

आता तुझं वाचणं. सहा तास वाचतोस आणि डोकं कोरं होते, कारण तू नुसतं वाचतोस. लाल पेनानं रेघा मारतोस की नाही? मीही मारायचो, विभागीय परीक्षेला. पान ओळखीचं वाटते, आपल्याला येते असं वाटते, आणि पान मिटलं की काही नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांना एक उतारा परत परत वाचायला दिला, काहींना एकदा वाचल्यावर कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. तुझी परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

म्हणून सहातले दोन तास वाच आणि बाकीचा वेळ स्वतःला विचार. त्यासाठी लग्नपत्रिका जमव. दर उन्हाळ्यात घरात ढीग पडते, मागची बाजू कोरी, कागद जाड. एका पत्रिकेची चार कार्डं होतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, एका कार्डावर एकच गोष्ट, आणि दोन्ही तुझ्या हातानं लिहिलेलं. छापील कार्डं आणू नको; अर्धं पाठांतर लिहितानाच होते.

मग ती खणांत लाव. टपाल छाटायला आमच्याकडे खणांची फडताळं असायची, अगदी तसं. जर्मनीतल्या झेबास्टियान लाइटनर या पत्रकारानं १९७२ साली ही पेटीची पद्धत सांगितली. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा म्हटलं, हा तर छाटणीवाला दिसते. जोड्यांचे चार डबे घे, चपलांचे चालतील. नवं कार्ड पहिल्या डब्यात. उत्तर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की कितव्याही डब्यातलं असो, परत पहिल्यात. पहिला डबा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवडी बाजाराच्या दिवशी, चौथा अमावस्येला. रोज नवी दहा कार्डं, त्याहून जास्त नको. पहिला महिना कंटाळा येईल, कारण पहिला डबा फुगतच जाईल. दुसऱ्या महिन्यात तो आपोआप उतरते. कार्ड पाहिल्यावर उत्तर आठवेना, तर लगेच उलटवू नको. निदान दहा आकडे मोज. ते आठवायला जे डोकं खाजवतोस, तोच खरा अभ्यास.

कोणतंही नाव पाठ करताना त्याला एक ‘का’ जोड. सेवाग्राम हे नाव का, हे कळल्यावर १९४० हा आकडा पुन्हा विसरता येईल काय? नकाशा भिंतीला लाव, आणि पेपरात गाव आलं की बोट ठेव. बस. बाकी युक्त्या विकणारे पुष्कळ आहेत.

आणि अभ्यास म्हणजे अभ्यासिकेतल्याच पोरांचं काम, असं तुला वाटत असेल तर तुझ्याच जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडे पाहा. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे २०१९ साली अमिताभ बच्चनच्या समोर बसून एक कोटी जिंकून आल्या. मावशीच्या बचत गटातल्या कोणीतरी ते तेव्हा टीव्हीवर पाहिलं असेलच. विचार त्यांना.

त्यावरून मावशी. तिच्याकडे हात हलवत जाऊ नको, एक कार्ड घेऊन जा. “मावशी, उत्तर माझ्याकडे लिहिलेलं बरोबर होतं, पण प्रश्न मी कच्चा विचारला” एवढंच सांग. भाऊसाहेब पहिले होते असं खोटं मान्य करू नको, आणि १९४७ चा कागद नाचवतही बसू नको. मग कार्ड वाचून दाखव: “वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर विलायतेत डॉक्टरेट केलेला आपल्या जिल्ह्यातला एक माणूस. परत येऊन १९३२ साली त्यानं अमरावतीत शिक्षणसंस्था काढली, आणि पुढं दिल्लीत मंत्री झाला तो धर्माचा नव्हे, भलत्याच खात्याचा. कोण?” तिला उत्तर येईल. डॉक्टरेटचं मात्र तिला बहुतेक माहीत नसेल. ती म्हणेल, “खरं काय बे?” तेवढं बोलणं सुरू व्हायला पुरे आहे.

मग तिला म्हण, यंदा बचत गटातल्या प्रत्येकीनं एक प्रश्न द्यायचा. सणाचा, धान्याचा, जात्यावरच्या ओवीचा, काहीही. ज्यांनी प्रश्न दिले त्या स्पर्धेत बसायच्या नाहीत, त्या पंच. मावशी पंच झाली की माईक हिसकायची हिंमत कोण करते ते मला कळव.

आणि त्यांचे प्रश्न मलाही पाठव. पत्ता पूर्ण लिहून, पिनकोडासकट, नाहीतर जाईल शेगावला.

तुझा काका